हाक इथंच ठेव

आमच्या घरातल्या बैलाला हाक मारायची एक ठरलेली पद्धत होती. ती कागदावर उतरवणं कठीण आहे. साधारण 'ओऽऽ ये रं ये' अशी, पण शेवटचा 'ये' वर चढवायचा आणि तिथेच तोडायचा. काकांनी ती त्यांच्या वडिलांकडून घेतली, मी काकांकडून. वज्रेश्वरीपासून खाली खाडीपर्यंत शर्यतीचे बैल पाळणारी घरं बरीच आहेत, आणि ज्या घरात बैल आवाजावर चालतो तिथली हाक त्या घराची असते. दुसऱ्याच्या बैलाला आपण हाक मारायची नाही, आणि घर सोडून गेलेल्यानं घरची हाक बरोबर न्यायची नाही. हा नियम कुठल्या पंचानं केलेला नाही. पण तो मोडणाऱ्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत. मी तो मोडला. हे कोणाला कळलं नाही अशी माझी समजूत होती, आणि मी माणसात वावरत राहिलो.

ज्यांनी आमची शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भात कापून झालं की शेतं मोकळी होतात. त्यातलं एखादं लांबलचक शेत सपाट करून मैदान बनवतात. एका टोकाला झेंडा घेऊन पंच उभा, दुसऱ्या टोकाला निशाण. दोन छकडे शेजारी शेजारी धावतात, प्रत्येकाला दोन बैल. याला बिनजोड म्हणतात. जिंकला त्याला गुलाल. चहाचा कप तोंडाला लावून खाली ठेवेपर्यंत सगळं संपतं, आणि त्यावर माणसं पुढचे सहा महिने भांडतात. छकड्यावर जो बसतो त्याला जुनी माणसं गाडीवान म्हणत, आता सगळे ड्रायव्हर म्हणतात. मी ड्रायव्हर होतो. आठवडाभर भिवंडीत एका लूमच्या ऑफिसात कारकुनी करायची आणि रविवारी छकड्यावर बसायचं.

माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. काकांचं घर आमच्याला लागूनच, त्यामुळे मी कोणाच्या घरात वाढलो हे मला नीट सांगता येणार नाही. काकांना एकच मुलगा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तो मला दादा म्हणायचा. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत काकांनी एक वासरू आणलं. राखाडी अंगाचं, मानेकडे गडद. त्या रंगाला कोसा म्हणतात, म्हणून त्याला सगळे कोसाच म्हणू लागले. गावानं काकांना वेड्यात काढलं. शर्यती बंद, नांगर ट्रॅक्टर ओढतो, मग हा काय देव्हाऱ्यात ठेवायला आणला? काका म्हणायचे, "बंदी उठंल तवा वासरू शोधाया जानार काय?"

कोशाला आम्ही मारून शिकवला नाही. काका त्याला शेताच्या एका टोकाला धरून उभे राहायचे, मी दुसऱ्या टोकाला. मी हाक मारायची, काकांनी सोडायचं, आणि वासरानं धावत येऊन माझ्या मुठीतला गूळ खायचा. दोन वर्षं रोज संध्याकाळी हेच. पुढे त्याला छकड्याला जुंपला तेव्हा मी मागे बसून तीच हाक द्यायचो आणि तो कान मागे करून सुटायचा. शर्यत संपली की मान वळवून माझा खिसा हुंगायचा. हाक आणि गूळ यांच्यामध्ये त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

बंदी उठली ती अटी घालून. काठी नाही, चाबूक नाही, बैलाला टोचणं नाही, मैदानावर जनावरांचा डॉक्टर हवा. ज्यांचा सगळा कारभार काठीवर चालायचा त्यांचे हात बांधले गेले. आमचं बरोबर उलटं झालं. काकांचा एक कोसा आणि जोडीला शेजाऱ्याचा बैल, असा आमचा साधा संसार, पण त्या पहिल्या वर्षी आम्ही जाऊ तिथून गुलाल घेऊन आलो. पाय कोशाचे आणि कॉलर ताठ माझी. लोक विचारायचे, ड्रायव्हर कोण? मी मान खाली घालून हसायचो. मान खाली घालून हसणाऱ्या माणसाच्या डोक्यात किती हवा असते हे मला त्या वर्षी समजायला हवं होतं.

त्याच उन्हाळ्यात अंजूरच्या एका शेठनं मला बोलावलं. त्यांच्या जमिनीवर आता गोडाउनं उभी होती आणि हौस म्हणून त्यांनी घाटावरून दोन बैल आणले होते, एक पांढरा, एक काळा. बैलांसाठी पंखे लावलेला गोठा, त्यांचे फोटो रंगवलेला टेम्पो, वीस-पंचवीस पोरांची टीम. मला म्हणाले, "तुझ्यासारखा हात इकडे पाहिजे. कशेळीच्या गोडाउनला सुपरवायझर म्हणून लावतो तुला. रविवारी ड्युटी नाही, फक्त मैदान." मग एक टी-शर्ट काढून दिला. पुढे दोन्ही बैलांची तोंडं, पाठीवर मोठ्या अक्षरात 'ड्रायव्हर'. मी घरी सांगितलं की नोकरीसाठी जातोय. खरं सांगायचं तर मी त्या टी-शर्टासाठी गेलो.

काकांना सांगायला गेलो तेव्हा ते कोशाची पाठ घासत होते. मला वाटलं होतं चिडतील, दोन शिव्या देतील, आणि मग मलाही चिडून निघता येईल. ते घासतच राहिले.

"पक्की नोकरी हाय?"

"आहे."

"मंग जा. इथं काय ठेवलाय." थोड्या वेळानं म्हणाले, "कोसा इथं ऱ्हाईल. हाक पन इथंच ठेव. ती घराची हाय."

"हो काका," मी म्हणालो. एवढं एकच वचन माझ्याकडून त्यांनी आयुष्यात मागितलं.

छकड्यावर आता चुलत भाऊ बसणार होता. तो मला म्हणाला, "दादा, दोन रविवार माझ्यासोबत ये ना." मी एक रविवार गेलो. त्याचा हात चांगला होता, माझ्याहून हलका. पण आवाज निघत नव्हता. चार माणसांत बोलायलाही लाजणारा पोरगा, त्याची हाक घशातच अडकायची. कोसा त्याचं ऐकायचा, पण त्याची हाक आली की एकदा मान वळवून मी कुठे आहे ते बघायचा. "कासरा ढिला ठेव, बाकी कोसा बघतो," एवढं शिकवून मी निघालो. दुसऱ्या रविवारी मला अंजूरला टी-शर्ट घालून फोटो काढायचा होता.

नवीन टीमचा पहिला सीझन मी लोकांना रंगवून सांगायचो. तो होता असा. पहिल्या मैदानात पांढरा झेंडा पडल्यावरही जागचा हलला नाही. काळा एकटा ओढत राहिला आणि आम्ही जागेवरच गोल फिरलो. लाउडस्पीकरवाला म्हणाला, "ड्रायव्हर पत्ता विसरले वाटतं!" अख्खं मैदान हसलं. दुसऱ्या मैदानात दोघं धावले, पण निशाणाकडे न जाता उसाच्या रसाच्या गाडीकडे. तिसऱ्यात सरळ धावले आणि सरळ हरले. टीमच्या ग्रुपवर पोरं काहीबाही टाकू लागली. शेठ तोंडावर गोडच बोलायचे, "टेन्शन नको घेऊ, होता है." पण सकाळी गोडाउनवर आले की आधी माझ्या पाठीवर हात ठेवायचे, तो हात थांबला.

बैलांची देखभाल करायला डोंगराकडच्या पाड्यावरचा एक वयस्क गडी होता. कमी बोलायचा. तिसरं मैदान हरल्यावर मी गोठ्यात तोंड पाडून बसलो होतो तर म्हणाला, "यांना बदाम घालून काय व्हतंय? तू कोन हाय त्येच यांना ठावं न्हाय. रोज येऊन बस यांच्यापाशी. मैनाभर नुसता बस."

त्याचं बरोबर होतं. काकांनीही हेच सांगितलं असतं. पण मला महिनाभर बसायला वेळ कुठे होता? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. मला पुढच्या रविवारी गुलाल हवा होता. मी दोन-तीन वेगळ्या हाका बनवून पाहिल्या. शिट्टी वाजवून पाहिली. बैल माझ्याकडे बघायचे ते पाहुण्याकडे बघावं तसं.

मग एका संध्याकाळी खाडीकडच्या शेतात सराव करताना मी गूळ घेऊन गेलो. गड्याला सांगितलं, बैल तिकडे धर. इकडेतिकडे पाहिलं. आमच्या गावचं कोणी तिथे असण्याचं कारण नव्हतं, तरी पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. आणि घरची हाक मारली. पांढऱ्यानं कान टवकारले. दुसऱ्या हाकेला निघाला. तिसऱ्या दिवशी दोघंही धावत येऊन गूळ मागू लागले.

गडी म्हणाला, "ही कुनाची हाक?"

"माझीच."

"नवी न्हाय वाटत," तो म्हणाला आणि बैल धुवायला घेऊन गेला. मला त्याचा राग आला. पुढे आठवडाभर मी त्याच्याशी धड बोललो नाही.

त्यानंतर आम्ही जिंकायला लागलो. एक मैदान, दुसरं मैदान. शेठचा हात पाठीवर परत आला. मी मनाशी हिशोब मांडला होता: काकांचे बैल वरच्या गावांत धावतात, आम्ही खाली खाडीच्या बाजूला. कोशाच्या कानावर ही हाक जाणार नाही, काकांच्याही नाही. मग कोणाचं काय बिघडलं? स्वतःला फसवताना माणूस किती हुशार होतो. तेवढी हुशारी मी कारकुनीत दाखवली असती तर हेडक्लार्क झालो असतो.

सीझनचं शेवटचं मोठं मैदान वरच्या बाजूला, आमच्या गावापासून जवळच होतं. आदल्या आठवड्यात शेठनं मला ऑफिसात बोलावलं आणि म्हणाले, "तुझ्या काकाच्या गाडीशी बिनजोड लावलीय. पब्लिकला बघायला मजा येईल." मग पुढे म्हणाले, "घाटावरचा एक ड्रायव्हर विचारतोय माझ्याकडे यायचं का म्हणून. मी त्याला बोललो, हे मैदान होऊ दे, मग बघू." म्हणजे हरलो तर छकडा गेला. मी तेव्हा नाही म्हणू शकलो असतो. घरच्या बैलासमोर धावणार नाही, एवढं एक वाक्य होतं. शेठनं कदाचित ऐकलंही असतं. मी म्हणालो, "लावा."

त्या दिवशी मैदानात काका मला शोधत आले. पांढऱ्याच्या मानेवरून हात फिरवला, काळ्याचे खूर बघितले. बैल कोणाचाही असो, त्यांचा हात आधी बैलाकडे जायचा.

"तुला मानतात ना?"

"मानतात."

"आवाजानं?"

"हो."

"मंग झाला," ते म्हणाले. त्यांना किती बरं वाटलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं. खिशातून गुळाचे दोन खडे काढून माझ्या हातावर ठेवले. "शर्यत झाली का दोघांना दे."

मागे भाऊ कोशाच्या जुवाची दोरी आवळत होता. मला बघून हसला. कोसाही मला बघत होता. मी जवळून गेलो तेव्हा त्यानं सगळं जू ओढत तोंड पुढे केलं आणि माझा खिसा हुंगला. वर्षभरानंतर. मी त्याचं तोंड हातानं बाजूला सारलं. टीमची पोरं बघत होती म्हणून. असल्या बारीक गोष्टी माणूस विसरतो म्हणतात. मी विसरलेलो नाही.

झेंडा पडला. आमचा छकडा डावीकडे, त्यांचा उजवीकडे, मध्ये एक मोडका बांध, अर्धाअधिक सपाट केलेला. कोसा सुटला तो बघण्यासारखा. भावाचा कासरा ढिला, हात स्थिर, मी शिकवलं होतं त्यापेक्षा छान. अर्ध्या मैदानात ते आमच्यापुढे होते. फार नाही, एका बैलाच्या मानेएवढे. पण तेवढं मला पुरेसं दिसत होतं. लाउडस्पीकर बोंबलत होता, दोन्ही बाजूंनी माणसं ओरडत होती. आणि मी हाक मारली.

नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला समजावत होतो की मी माझ्या बैलांना हाक मारली. सीझनभर मारत होतो, तशीच तेव्हा मारली. कोणी विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं आणि त्यात खोट काढता आली नसती. पण माझे बैल माझ्या समोर होते, आणि हाक मारताना मी तोंड उजवीकडे वळवलं होतं.

कोसा धावता धावता माझ्या बाजूला वळला. सगळं अंग घेऊन वळला, गूळ घ्यायला. भावानं कासरा उलट बाजूला खेचला, खेचणारच, कोणीही खेचला असता. कोशाचा पुढचा पाय बांधाच्या खळग्यात गेला. छकडा एका चाकावर उठला आणि कलंडला. हे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, कारण तोवर मी पुढे गेलो होतो. निशाण आमचं होतं.

पोरांनी मला छकड्यावरून उचलून घेतलं, तोंडाला गुलाल फासला. खांद्यावरूनच मला दिसत होतं. कोसा उठायचा प्रयत्न करत होता आणि पुढचा पाय टेकत नव्हता. डॉक्टर त्याच्याजवळ बसला होता. भाऊ कोपर धरून उभा होता, रक्त येत होतं. काका धापा टाकत आले. आधी बैलाजवळ बसले, पायावरून हात फिरवला. मग उठून भरल्या मैदानात त्यांनी मुलाच्या मुस्काटीत मारली.

"कासरा धराया येत न्हाय त गाडीवर कशाला बसलास?"

मी वीस पावलांवर होतो. गुलालानं तोंड लाल आणि खिशात काकांनी दिलेले गुळाचे दोन खडे. भावानं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी खाली बघितलं, आणि मग पोरांबरोबर टेम्पोत चढलो. अंजूरला मिरवणूक निघाली. पांढऱ्याला आणि काळ्याला मी गूळ दिला नाही. तो खाडीच्या पुलावरून टाकून दिला.

कोशाचा पाय सांधला, पण वाकडा. तो पुन्हा धावला नाही. भावही पुन्हा छकड्यावर बसला नाही. गावात त्याला 'कासरा' म्हणून चिडवायचे. दुकानावर गेला की कोणीतरी म्हणायचं, "हळू धर रे पिशवी, खेचशील!" त्यानं रिक्षा घेतली आणि भिवंडी-वज्रेश्वरी अशा फेऱ्या मारू लागला. मी शेठकडे आणखी एक सीझन काढला. मग घाटावरचा ड्रायव्हर आलाच. मला गोडाउनवर ठेवलं, तिथे मी अजून आहे. टी-शर्टानं बायको गाडी पुसते.

गावाला मी गणपतीत जायचो, लग्नाकार्याला जायचो. काका पूर्वीसारखेच. मी आलो की खुर्ची पुढे करायचे, गोडाउनचं विचारायचे. पण मुलाशी सरळ बोलायचे नाहीत. तो समोर बसलेला असताना काकूला म्हणायचे, "त्याला सांग, पेंढा संपलाय." मला वाटायचं, बैलाचं दुःख आहे, जाईल हळूहळू. दोन वर्षं गेली तरी ते तसंच होतं. एका ताटात जेवणारे बापलेक होते ते. मी तिथे बसून चहा प्यायचो आणि प्रत्येक वेळी ठरवायचो, आज सांगायचं.

एकदा खरंच जवळ आलो होतो. काकांचे गुडघे धरले होते म्हणून मी त्यांना वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेलो. पायरीवर बसून दोघांनी पाय पाण्यात सोडले. आजूबाजूला फारसं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "काका, त्या मैदानात..."

"नको तो विषय," ते म्हणाले. मग गुडघ्यांवर पाणी घेत, "तुझा एक बरा हाय. तू गेलास, पन घराचा नाव न्हाय घालवलास."

पाणी चांगलंच गरम होतं. मी पाय बाहेर काढले. पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं, आणि परत येताना मी त्यांना पेढे घेऊन दिले. पेढे! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

या वर्षी होळीच्या आधी काका गेले. सकाळी कोशाला पाणी पाजलं, ओटीवर टेकले आणि संपलं. तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले आणि मी भावाला शोधत गोठ्यात गेलो. तो कोयत्यानं गवत तोडत बसला होता. कोसा कोपऱ्यात बसलेला, वाकडा पाय बाजूला टाकून. बराच थकला होता. त्याची पाठ मला ओळखू आली नाही.

काय बोलायचं ते मी तेरा दिवस जुळवलं होतं. त्यातलं एकही आठवलं नाही. म्हणालो, "त्या दिवशी हाक मी मारली होती. घरची. तुझी चूक नव्हती."

त्यानं कोयता थांबवला नाही. "माहीत हाय. मी गाडीवरच व्हतो ना."

मला आधी समजलंच नाही. चार वर्षं मी जी गोष्ट उराशी दाबून बसलो होतो ती ज्याच्यापासून लपवायची त्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक होती. मी एकदम मोठ्यानं म्हणालो, "मग काकांना का नाही सांगितलंस?"

"सांगितला. त्याच दिवशी. कोशाला टेम्पोत घालून आणत व्हतो तवा." त्यानं गवताची पेंढी सोडून पसरली. "बाबा बोलले, हरलास त हरलास, खोटा कशाला बोलतंस. तो हाक इथं ठेवून गेलाय. त्यानं मला शबूद दिलाय." त्यानं पुन्हा कोयता चालवला. "बैलाचा राग त्यांचा महिन्यात गेला व्हता, दादा. खोटा बोललो याचा न्हाय गेला."

मी गोठ्याच्या दारात उभा होतो. काकांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, पोटच्या मुलापेक्षा जास्त, आणि त्याची किंमत त्या मुलानं त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत चुकवली. कुंडाच्या पायरीवर एक वाक्य मी पुरं केलं असतं तर बापलेक पुन्हा एका ताटात जेवले असते. मला रडू आलं. मी काहीतरी बोलू लागलो, माफीचंच असावं, काका, मी, असं तुटक तुटक, आणि माझा आवाज चढला.

कोपऱ्यात धडपड झाली. कोशानं कान टवकारले होते. त्यानं मागचे पाय रोवले, वाकडा पाय कसाबसा अंगाखाली ओढला, एकदा घसरला, आणि उठून उभा राहिला. लंगडत दाव्याच्या टोकापर्यंत आला आणि माझ्या खिशाकडे तोंड पुढे केलं. माझ्या खिशात काही नव्हतं.

भावानं कोयता खाली ठेवला. कोशाजवळ जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवला, अगदी काकांसारखा.

"दादा, आता बोलू नको," तो हळूच म्हणाला. "तुझा आवाज आयकला का उठतो तो. मंग परत बसाया जाम तरास होतो त्याला."

मी गप्प राहिलो. ते मला आधीपासूनच चांगलं जमत होतं.